साहेबांच्या सामानाची यादी

पोलादपूरच्या एका कचेरीत मी नऊ वर्षे कारकून होतो. त्यांतली सात वर्षे दर आठवड्याला महाडच्या बाजारातून चार घरांचे सामान आणत होतो. नोकरी पोलादपूरला आणि बिऱ्हाड महाडला, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपोआप आले. कचेरी कोणती ते सांगत नाही. तालुक्याच्या गावाला कचेऱ्या पुष्कळ असतात आणि साहेबही बदलत असतात. मी सांगतो आहे ते साहेब घाटावरचे होते आणि गिरण्यांच्या संपाच्या वर्षी आमच्याकडे होते.

माझी पद्धत ठरलेली होती. शनिवारी यादी, रविवारी बाजार, सोमवारी सकाळच्या गाडीने सामान. रद्द झालेल्या छापील फॉर्मची पाठ कोरी असे, ती मी यादीला वापरी. सर्वांत वर 'साहेब, बंगला' असे लिहून त्याखाली त्यांचे सामान. मग आडवी रेघ, खाली अव्वल कारकुनांचे. पुन्हा रेघ, शिपायाचे. शेवटी माझ्या घरचे. साहेबांखेरीज कोणाचे नाव लिहीत नसे, कारण क्रम मला पाठ होता. वस्तू मिळाली की खूण, नाही मिळाली तर का नाही ते. हे कागद मी घरी दोरीत ओवून ठेवी. महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी हमखास विचारी, "मागच्या वेळी गूळ कुठून आणला होता हो?" मला दुकानाचे नाव सांगता येई.

त्या वर्षी मुंबईची माणसे परत आली. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर घरटी एक-दोन माणसे गिरणीत होती. पहिले दोन महिने ती गावी सुट्टीला आल्यासारखी वागली. मग मनीऑर्डर बंद झाल्याचे दिसू लागले. वाण्याने उधारी थांबवली, हायस्कूलमधून चार-पाच मुली घरी बसल्या, रॉकेलच्या रांगेत पुरुष दिसू लागले. एरवी त्या रांगेत पुरुष उभा राहत नसे.

आमच्या शिपायाला सगळी कचेरी मामा म्हणे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतला माणूस. त्याचे दोन्ही मुलगे गिरणीतून बायकामुलांसह घरी आले होते. अकरा माणसे मामाच्या एका पगारावर जेवत होती. निवृत्तीला नऊ महिने राहिले होते. ते नऊ महिने नीट जावेत आणि पेन्शन सुरू व्हावे, एवढेच त्याचे गणित होते आणि ते तो रोज कोणाला ना कोणाला सांगे.

पावसाळा संपल्यावर वाड्यांवरची तीसेक माणसे कचेरीवर आली. रोजगार हमीतून रस्त्याचे काम काढा, एवढीच मागणी. साहेबांनी ती व्हरांड्यात उभे राहून ऐकली. त्यांनी एवढेच म्हटले असते की फाइल वर पाठवतो, तर पुढचे काही झाले नसते. पण ते म्हणाले, "संप तुम्ही केलात. आता काटकसर शिका. चहा-विडी कमी करा. दिवस सगळ्यांनाच कठीण आहेत. मीसुद्धा घरात काटकसरच करतो."

माणसे गेली. चौथ्या दिवशी स्टँडसमोरच्या फलकावर यादी आली.

हा फलक तरुण मंडळाचा. एरवी त्यावर क्रिकेटचे सामने, कोणाचे निधन, आंबेनळीत दरड पडून घाट बंद असल्याची सूचना असे खडूने लिहिलेले असे. त्या दिवशी वर मोठ्या अक्षरांत 'साहेबांची काटकसर' आणि खाली सामान. मी सकाळच्या गाडीतून उतरलो तेव्हा पंधरा-वीस माणसे फलकासमोर होती. एक गिरणी कामगार मोठ्याने वाचत होता आणि एक म्हातारी पाटी डोक्यावर तशीच ठेवून ऐकत होती.

"काय लिवलाय रे?"

"साहेबाचा बाजार लिवलाय आजी. आंबेमोहोर तांदूळ. साजूक तूप. काजू एक किलो. पडद्याचं कापड अकरा मीटर."

"अकरा मीटर? किती खिडक्या हायेत त्याला?"

"खिडक्या चारच. त्याची काटकसर झाकायला लागतंय कापड."

लोक हसले. तो पुढे वाचू लागला. "सुगंधी तेल, मोठी बाटली. ह्ये मॅडमसाठी असणार. आणि ऐका आता. बिस्किटे दोन किलो, कुत्र्यासाठी."

हसणे थांबले. म्हातारी म्हणाली, "कुत्र्यासाठी?"

"व्हय. कुत्रा बिस्कुट खातो, आपून चहा-विडी सोडायची. ए वन कारभार हाय!"

मी तिथे थांबलो नाही. फलकावरची प्रत्येक वस्तू मी आणलेली होती. त्या सगळ्या वस्तू साहेबांच्या नव्हत्या, हेही तिथल्या तिथे माझ्या लक्षात आले. पण त्या क्षणी डोक्यात एकच प्रश्न होता. हे बाहेर गेले कसे?

साहेबांनाही तोच प्रश्न पडला होता. त्यांनी मला आत बोलावले.

"तुम्ही याद्या करता. त्या असतात कुठे?"

"माझ्या घरी साहेब. महाडला. दोरीत ओवून ठेवतो."

"नक्की?"

"अगदी नक्की."

ही माझी चूक. मी पाहिले नव्हते. खात्री होती म्हणून नक्की म्हणालो आणि त्या एका शब्दाने संशयाची दिशा बदलली. याद्या सुरक्षित, म्हणजे कागद फुटला नाही, माणूस फुटला. स्टँडवरून बंगल्यापर्यंत पिशव्या कोण वाहतो? मामा. त्याचे मुलगे फलकासमोर बसलेले असतात. साहेबांना आणखी काही जुळवायची गरज वाटली नाही.

फलकावर दर दोन-तीन दिवसांनी नवी यादी येऊ लागली. अव्वल कारकून माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या वस्तीत विहारात सभा होतात, तुम्हाला लिहिण्या-बोलण्याची सवय. पण साहेबांचा तुमच्यावर मुळीच संशय नाही बरं का. मीच त्यांना सांगितलं." त्यांनी सांगितले म्हणजे विषय निघाला होता, एवढे मला कळले. आणि कुत्र्याच्या बिस्किटांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, हेही कळले. कुत्रा त्यांचा होता. पांढरा, केसाळ. महाडच्या बेकरीत तुटक्या बिस्किटांचा चुरा अर्ध्या भावात मिळे, कुत्र्यासाठी म्हटले की बेकरीवाला हसून थोडा जास्तच टाकी. म्हणून मी 'कुत्र्यासाठी' असे लिहून घेत असे. अख्ख्या यादीत काटकसरीची वस्तू कोणती असेल तर ती हीच, आणि तालुका पेटला होता तिच्यावर.

तिसऱ्या शनिवारी साहेबांनी मामाला मेमो देण्याचे ठरवले. 'कार्यालयीन व खाजगी माहिती बाहेर पुरवून अधिकाऱ्याची बदनामी केली', सात दिवसांत खुलासा, अन्यथा निलंबन. मसुदा अव्वल कारकुनांचा, स्वच्छ प्रत माझ्या अक्षरात. सोमवारी द्यायचा होता. मी प्रत लिहीत असताना मामा बाकावर बसला होता. त्याला वाचता येत नव्हते, सही तेवढी येत होती, पण कागद कशाचा आहे हे कचेरीतल्या शिपायाला वाचावे लागत नाही.

दुपारी तो माझ्याजवळ आला. "भाऊसाहेब, साहेब बोर्डाला भीत नाय. त्या थंड कपाटाला भितोय."

"कसलं कपाट?"

"फ्रिज. मागं एका रविवारी आला. घाटातल्या ठेकेदाराच्या ट्रकातून, डांबराच्या पिंपांसंगट. मी आनि तीन मजुरांनी उचलून आत ठेवला. साहेब बोलला, मामा, घरातली गोष्ट घरात. मी कोनाला बोललो नाय. बायकोला पन नाय. पन त्याला वाटतंय, बिस्कुटा निगाली, आता फ्रिज निगेल."

फ्रिज मी पाहिला होता. मागच्याच महिन्यात साहेबांच्या बाईंनी मला त्यातले थंड पाणी दिले होते. महाडला तेव्हा फ्रिज विकणारी दोनच दुकाने होती आणि साहेबांसाठी काही आले तर दुकानदार मला हाक मारून सांगत. कोणी सांगितले नव्हते. मी विचारले नव्हते. त्याच ठेकेदाराची घाटातल्या मोऱ्यांची बिले आमच्या टेबलावरून जात, एवढे मला माहीत होते. त्यापुढचे मला आजही माहीत नाही. साहेबांनी तो पैसे मोजून घेतला असेल, ट्रक फक्त भाड्याचा असेल. असेलही.

त्या दिवशी महाडला परतताना मी कागदावर माणसे लिहिली. साहेबांचा बाजार कोणाकोणाला कळतो? मी, मामा, अव्वल कारकून, बाई, शिंपी, किराणा दुकानाचा मुनीम, एस.टी.चा कंडक्टर. एकेकाच्या पुढे लिहीत गेलो. शिंप्याला पडदे माहीत, तूप नाही. मुनिमाला तूप माहीत, तेल नाही, तेल दुसऱ्या दुकानातले. अव्वल कारकून स्वतःचा कुत्रा चव्हाट्यावर आणणार नाहीत. सगळ्या वस्तू माहीत असलेला माणूस एकच उरला. मी. मामालासुद्धा सगळे माहीत नव्हते, कारण माझ्या घरची पिशवी पोलादपूरला येतच नसे. आणि सुगंधी तेल माझ्या घरचे होते.

महाडच्या स्टँडवर उतरलो. फलक लिहिणारा मंडळाचा सेक्रेटरी तिथेच उभा होता. तोही संपातला, रोज महाडला हमालीला येई आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाई. त्याने शेंगदाण्यांची पुडी घेतली, दाणे एका तळहातावर ओतले आणि रिकामा कागद नीट सरळ करून, घडी घालून खिशात ठेवला. शेंगदाण्याचा कागद खिशात कोण ठेवतो?

त्याची गाडी सुटल्यावर मीही एक पुडी घेतली. उलगडली. 'कंदिलाची काच दोन, मिळाल्या. तपकीर, मिळाली. डोळ्यांचे औषध, सोमवारी येणार.' अक्षर माझे. सामान मामाचे.

चणेवाल्याच्या टोपलीत कागदांचा गठ्ठा होता. तो एकेक फुलस्केप घेई, दोनदा घडी घालून चार तुकडे फाडी. माझ्या कागदावर चार घरे, त्याच्या हातात चार तुकडे. 'साहेब, बंगला' हे शब्द फक्त पहिल्या तुकड्यावर. सेक्रेटरीने तो तुकडा वाचला, मग दुसरे मिळत गेले, आणि अक्षर एकच म्हणून घरही एकच धरले. मी राहिलेला सगळा गठ्ठा विकत घेतला. चणेवाला म्हणाला, "दाणे नकोत? नुसता कागद?"

घरी खुंटीवरची दोरी लोंबत होती. तिच्यात अलीकडचे थोडे कागद होते.

बायको म्हणाली, "दिवाळीआधी रद्दी दिली ना. त्यात घातले."

"विचारायचं नाही?"

"काय विचारायचं? गूळ आणला, तूप आणलं. खाऊन संपलं पण. त्या काय घराच्या खरेदीखताच्या नकला हायेत?"

मी तिला सगळे सांगितले. ती आधी घाबरली. मग म्हणाली, "थांबा. म्हणजे ते तेल माझं? तीन आठवडे अख्खा पोलादपूर माझ्या तेलावर बोलतोय?"

"हो."

"आणि वर्षातून एकदा घेते मी ते!" मग तिने विचारले, "त्या मामाचं काय करणार?"

रविवार माझ्या हातात होता. मी बाजार केला नाही. काय काय होऊ शकते ते मांडून पाहिले. गप्प राहिलो तर मामा जातो. चूक कबूल केली तर साहेब मला मेमो देतील, आणि मामालाही सोडणार नाहीत, कारण खरी भीती यादीची नव्हतीच. तेव्हा नुसती कबुली पुरणार नव्हती. सोमवारी गाडीत मी एक वाक्य तीन-चार वेळा घोकले.

साहेबांपुढे उभा राहिलो. "साहेब, ते कागद माझ्या घरातून रद्दीत गेले. शेंगदाण्याच्या पुड्यांतून बाहेर आले. मामांचा काही संबंध नाही. बिस्किटं आणि तेल तुमचं नाहीच, ती दुसऱ्यांची सामानं आहेत."

"तुम्ही तर म्हणालात, अगदी नक्की."

"चुकलो. मेमो द्यायचा तर मला द्या."

त्यांनी विचारले, "राहिलेले कागद?"

"माझ्याकडे आहेत. मी जे आणून दिलं ते सगळं त्यांत आहे. जे मी आणलं नाही ते त्यांत नाही. खुलासे मागितले, चौकशी लागली, तर ते कागद मला दाखवावे लागतील. मग बंगल्यात आहे आणि यादीत नाही, असं काय ते पण लोक बघतील."

"उदाहरणार्थ?"

"मी उदाहरण देत नाही साहेब."

त्यांनी मेमो मागवला. मला वाटले फाडतील. त्यांनी तो घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली फिरवली. "जा," म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांनी माझ्याशी सौदा केला आहे आणि तारण म्हणून मामाला ठेवून घेतले आहे. फ्रिज फलकावर आला तर मेमो बाहेर येणार.

त्याच आठवड्यात वाड्यांवरची माणसे पुन्हा आली, या वेळी पन्नास-साठ. सेक्रेटरी पुढे होता आणि त्याच्या हातात पुडीचे कागद होते. त्याने खडसावून विचारले, "साहेब, आमाला काटकसर सांगता, आनि तुमच्या घरी कुत्रा बिस्किटं खातो. जवाब द्या."

साहेब हसले. मी त्यांना तसे हसताना त्याआधी पाहिले नव्हते. "माझ्या बंगल्यात कुत्रा दाखवा, मी आत्ता राजीनामा देतो. चला, सगळेच चला." कोणी हलले नाही. सगळ्या तालुक्याला बंगला माहीत होता. तिथे कुत्रा नव्हता. हे इतके दिवस कोणाला सुचले कसे नाही! "आणि ते तेल," साहेब म्हणाले, "माझी बायको खोबरेल लावते. अजून काय आहे तुमच्या कागदावर?"

कोणीतरी मागे हसले आणि मोर्चा तिथेच मोडला. पडदे खरे होते, काजू खरे होते, तूप खरे होते. पण एक खोटी वस्तू निघाल्यावर खऱ्या वस्तू कोणी विचारल्या नाहीत. आणि ती खोटी वस्तू कोणती हे साहेबांना मीच सांगितले होते. अव्वल कारकून दारात उभे राहून मान डोलावत होते.

मी खिडकीतून बघत होतो. फ्रिजबद्दल एक वाक्य बोललो असतो तर पुरले असते. मामा व्हरांड्यात घंटेजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मी खिडकीतून बाजूला झालो.

रस्त्याचे काम निघाले, पण उन्हाळ्यात आणि अर्धेच. फलकावर पुन्हा क्रिकेट आले. मात्र स्टँडवर मी उतरलो की बोलणे थांबू लागले. सेक्रेटरीने एकदा तोंडावर विचारले, "भाऊसाहेब, कागद तुमचे, अक्षर तुमचा, आनि मेमो कोनालाच नाय. तुमाला काय भेटला ओ?" मला जे भेटले होते ते सांगता येत नव्हते. सांगितले असते तर मामाचे गेले असते. मी म्हणालो, "काही नाही." त्याने इतरांकडे पाहून भुवया उडवल्या. पुढच्या वर्षी माझी पगारवाढ नियमाप्रमाणे, तारखेला झाली. तीसुद्धा लोकांनी त्यातच धरली.

साहेब सात महिन्यांनी बदलून गेले. ड्रॉवर रिकामा होता. मेमो त्यांनी नेला की जाळला, मला समजले नाही. तो नव्या साहेबांकडे दिला असेल, या शंकेने मी उरलेले दोन महिनेही तोंड उघडले नाही.

मामा वेळेवर निवृत्त झाला. त्याचे पेन्शनचे कागद माझ्याकडेच होते. मी ते आधीच भरून, क्रमाने लावून, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या करून ठेवले होते. तो आला, बाकावर टेकला.

"आमच्या वाडीत बोलतात," तो म्हणाला, "तुमाला महाडात जागा मिळाली. साहेबाने करून दिली."

"तुम्हाला काय वाटतं, मामा?"

"माला? माजी नोकरी ऱ्हायली. मी काय इचारू?" मग म्हणाला, "पन तुमी साहेबाला सांगितलाव काय, ता तुमी माला पन सांगितला नाय."

मी सांगायला तोंड उघडले. पण बाजूला अव्वल कारकून होते, नवे साहेब आत होते आणि पेन्शन अजून मंजूर व्हायचे होते. मी म्हणालो, "मंजुरी येऊ दे, मग सांगतो," आणि कागद पुढे सरकवले.

इतकी वर्षे मामाने मी दाखवीन तिथे सही केली होती. त्या दिवशी त्याने कागद उचलले, पलीकडच्या टेबलावरच्या नव्या कारकुनाकडे नेले आणि म्हणाला, "जरा वाचून दावा, काय लिवलाय." त्या मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे मोठ्याने वाचले. मामा उभ्याने ऐकत होता. मग माझ्या टेबलाशी परत आला आणि त्याने सह्या केल्या.